स्कॅनवर नवी मेश चढवली की बाबांच्या कोरणीच्या खुणा पुसल्या जातायत. काय करू?

शाडूची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न रिटोपोचा आहे, म्हणजे स्कॅनच्या मेशवर (बिंदू-रेषांच्या जाळीवर) नीट रचनेची नवी मेश बसवण्याचा, पण मागचंपुढचं सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आम्ही कसबा पेठेत राहतो. बाबा गणपतीची मॉडेल करतात, म्हणजे ज्याच्यावरून साचा काढतात ती पहिली मूर्ती. बाजारात जाणाऱ्या मूर्ती त्या साच्यातून दुसरे लोक भरतात. मॉडेलवर कुठे नाव नसतं. बाबा फक्त पाटाच्या मागच्या बाजूला, शाडू ओला असतानाच, उजवा अंगठा दाबतात. तेवढीच त्यांची सही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यंदा माघी गणेश जयंतीच्या सुमारास त्यांनी पहिल्यांदा काम हातात घेतलं. नऊ इंची, बैठी मूर्ती. सोंड डावीकडे वळून डाव्या हातातल्या मोदकावर टेकलेली. मूर्ती वाळली, फळीवर ठेवली. दोन दिवस बाबा येता-जाता तिच्याकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मान किंचित कलती हवी होती गं. समोर बसलेल्याचं ऐकतोय असं वाटायला हवं होतं." वाळलेला शाडू वाकत नाही. भिजवून पुन्हा घडवायची म्हणजे ही मूर्ती गेली, आणि हीच पुन्हा होईल याची त्यांना खात्री वाटत नाही.

मी दिवसा इंटिरियरच्या ऑफिसात थ्रीडी व्ह्यू काढते. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर रोजच्या हातातलं आहे, त्यातलं स्कल्प्टिंग, म्हणजे ब्रशने आकार कोरणं, मात्र नवीन. बाबांना म्हटलं, मान मी वळवून देते, मग तिच्यावरून रेझिन प्रिंट काढू आणि त्या प्रिंटवरून साचा.

गच्चीत सकाळी ऊन यायच्या आत फोनने १८० फोटो काढले, काही मूर्ती बसती ठेवून, काही आडवी करून. वाळलेल्या शाडूला चकाकी नसते, त्यामुळे स्कॅन छान आला. ३२ लाख त्रिकोण. डाव्या कानामागे बाबा कोरणीने तीन तिरक्या रेघा ओढतात. पहिली खोल, दुसरी तिच्यापेक्षा उथळ, तिसरी नुसती टेकवून उचललेली. तिन्ही स्कॅनमध्ये दिसतात. प्रत्येक रेघ जेमतेम एक मिलिमीटर रुंद असेल.

आता अडचण. स्कॅनच्या मेशवरच ग्रॅब ब्रशने मान वळवायला गेले, तर त्रिकोण वेडेवाकडे ताणले गेले आणि गळ्यातल्या कंठ्याचे मणी लांबोडके झाले. मग व्होक्सेल रिमेश (सारख्या मापाच्या चौकोनांत मेश नव्याने विणणं) करून पाहिलं, १ मिलिमीटरवर. मेश सारखी झाली, पण ओल्या फडक्याने मूर्ती पुसल्यासारखी दिसायला लागली. कानामागच्या तीन रेघांची एक सपाट खाच उरली. तिसऱ्या खेपेला क्वाड्रिफ्लो या ऑटोमॅटिक साधनाने ६,००० क्वाडची (चौकोनांची) मेश केली, मल्टिरेझ (प्रत्येक पातळीला एका क्वाडचे चार करणारं साधन) लावून एकदम पाचव्या पातळीपर्यंत नेली आणि श्रिंकरॅपने (एक मेश दुसरीवर ओढून बसवणाऱ्या साधनाने) स्कॅनवर चिकटवली. खुणा बऱ्याच परत आल्या, पण सोंडेची खालची बाजू पोटाला जाऊन चिकटली, कानांच्या कडेला काटे उभे राहिले आणि सोंडेवर कसले तरी पीळ पडले.

टोपोलॉजी, म्हणजे जाळीची रचना, बदलायची आणि तपशील मात्र जसाच्या तसा ठेवायचा, हे होतं का? होत असेल तर माझं कुठे चुकतंय?

प्रिंटखोली

ताई, नुसती प्रिंटच काढायची असती तर म्हटलं असतं की टोपोलॉजीच्या वाटेला जाऊच नका. रेझिन प्रिंटरला क्वाड आणि त्रिकोण सारखेच. मेश बंद असली, भोकं नसली की झालं. फाइल जड वाटली तर डेसिमेट हा त्रिकोण कमी करणारा मॉडिफायर लावा. तो सपाट भागातले त्रिकोण आधी कमी करतो आणि नक्षीच्या भागात राखतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना मी हेच सांगतो, कारण लोक उगाच दोन-दोन आठवडे रिटोपो करत बसतात.

पण तुम्हाला मान वळवायची आहे. तिथे डेसिमेटचा काही उपयोग नाही. जाणकार सांगतील.

क्वाडवाला वारजे

मी गेमसाठी कॅरेक्टर करतो. हे काम रोजचं आहे, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

तुमच्या प्रश्नातला "जसाच्या तसा ठेवायचा" हा शब्दप्रयोगच आधी सोडा. टोपोलॉजी बदलली की जुने बिंदू जातात, आणि तपशील त्या बिंदूंच्या जागांमध्येच असतो. तो टिकत नाही, नव्या मेशवर पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. तुमच्या घरी साच्यासाठीच मॉडेल करतात, त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. साच्यात सगळी माती एकदम कोंबली तर बारीक नक्षीत ती जात नाही. आधी पातळ थर बोटाने दाबत बसवायचा, मग मागून भर घालायची. तुम्ही पाच पातळ्या एकदम चढवल्या आणि मग श्रिंकरॅप लावलं. ६,००० क्वाडची मेश पाच वेळा भागली की ६१ लाख ४४ हजार क्वाड होतात. ते सगळे बिंदू एका मऊ, गोलसर आकारावरून निघाले आणि स्कॅन शोधायला एकदम लांब गेले. वाटेत जे सापडलं त्याला चिकटले.

असं करा. स्कॅनची एक प्रत "मूळ" नावाने कुलूप लावून ठेवा, तिला पुन्हा हात लावायचा नाही. नवी मेश घ्या, मल्टिरेझ लावा, एकदाच भागा. मॉडिफायरच्या (मेशवर चढवलेल्या साधनांच्या) यादीत त्याच्या खाली श्रिंकरॅप, टार्गेट "मूळ". ॲप्लाय करा. हे ॲप्लाय मल्टिरेझच्या त्या पातळीत जाऊन बसतं. मग पुन्हा भागा, पुन्हा नवीन श्रिंकरॅप, पुन्हा ॲप्लाय. प्रत्येक खेपेला बिंदूंना थोडंच अंतर कापायचं असतं, म्हणून ते भरकटत नाहीत. प्रत्येक पातळीनंतर थांबून मेश फिरवून बघा. काटा दिसला तर तिथेच स्मूद ब्रशने बसवा, मगच पुढची पातळी. पहिल्या पातळीवरचा एक काटा पाचव्या पातळीवर शेकडो बिंदूंचा होतो.

श्रिंकरॅपमध्ये नेहमीचा "निअरेस्ट सरफेस पॉइंट" ठेवला असेल तर बदला. कान पातळ आहेत. पुढच्या बाजूच्या बिंदूला सगळ्यात जवळची जागा कधीकधी कानाची मागची बाजू असते आणि तो तिकडे जातो. तुमचे काटे बहुधा त्याचे. "प्रोजेक्ट" घ्या, अक्ष कुठलाच नको, म्हणजे बिंदू आपापल्या नॉर्मलच्या दिशेने, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात, सरकतात. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही चालू. आणि लिमिट, म्हणजे बिंदूने जास्तीत जास्त किती सरकायचं ते, द्या. लिमिट कानाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी हवं. कान ४ मिलिमीटर असेल तर दीड द्या. पहिल्या पातळीला दीडमध्ये सगळे पोचणार नाहीत, म्हणून तिथे लिमिट जास्त ठेवा आणि कान व सोंडेखालचा भाग व्हर्टेक्स ग्रुपने (निवडक बिंदूंचा गट करून) वगळा. वगळलेला भाग ग्रॅब ब्रशने हाताने जवळ आणायचा.

सोंडेखाली अजून एक गोष्ट तपासा. तिथे फोनचा कॅमेरा शिरलाच नसणार. फोटोवरून मेश करताना न दिसलेल्या फटीत पडदा तयार होतो. "मूळ" मेश खालून बघा. पडदा असेल तर तिथे बाबांचं काम स्कॅनमध्ये आलेलंच नाही, तुम्ही तो पडदाच नव्या मेशवर उतरवताय. तो कापून काढा.

राहिले सोंडेचे पीळ. क्वाड्रिफ्लो काय किंवा दुसरं कुठलं ऑटोमॅटिक साधन काय, नळीसारख्या आकारावर कडी बंद करायची विसरतं. क्वाडची रांग सोंडेभोवती फिरून सुरुवातीच्या जागी येत नाही, जिन्यासारखी एक पायरी खाली उतरते. दिसायला जाळी स्वच्छ, पण वाकवली की पीळ पडतो. तुमची तर मान वळली की सोंडेचं टोक मोदकावरून सुटणार, म्हणजे सोंडही वाकवावी लागणार. सोंड आणि मान हाताने करा. स्नॅप फेसवर ठेवून, म्हणजे नवे बिंदू स्कॅनच्या पृष्ठभागावरच टेकतील, बांगड्यांसारखी कडी एकाखाली एक घाला, जिथे वाकणार तिथे जवळजवळ. एका रविवारचं काम आहे. बाकीचं अंग क्वाड्रिफ्लोला द्या.

आणि कडी घालायची ती आत्ताच. मल्टिरेझ लावल्यावर खालच्या मेशमध्ये एक जरी लूप (कडं) वाढवला तरी वरच्या सगळ्या पातळ्या विस्कटतात.

सबटूल

झीब्रश हे स्कल्प्टिंगचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी, कारण शोधत इथे येतील. रीत हीच आहे. सबटूलची (मॉडेलच्या सुट्या भागाची) प्रत, तिच्यावर झीरिमेशर (क्वाड्रिफ्लोसारखं साधन), मग डिव्हाइड आणि प्रोजेक्ट ऑल, पुन्हा डिव्हाइड आणि प्रोजेक्ट ऑल. झीरिमेशरचा आकडा हजारात असतो, ५ म्हणजे ५,०००. पातळ्या १ पासून मोजतात, ब्लेंडरमध्ये ० पासून, त्यामुळे वरच्या उत्तरातली पाचवी पातळी झीब्रशमध्ये सहावी. प्रोजेक्ट करण्याआधी मॉर्फ टार्गेट साठवा. जिथे घाण झाली तिथे मॉर्फ ब्रशने आधीची अवस्था परत रंगवता येते, सगळं अनडू करावं लागत नाही.

मठार

माझं काम जुन्या वस्तू स्कॅन करायचं. वरचं उत्तर पूर्ण आहे, मला दोनच गोष्टी घालायच्यात, पण त्यातली एक तुमच्या जिव्हाळ्याची आहे.

मागे तांबट आळीतली एक मठारलेली हंडी स्कॅन केली होती. तांबं चकाकतं म्हणून टाल्कम पावडर मारली. हातोडीचा एकेक ठोका पाच-सहा मिलिमीटरचा, सगळीकडे सारखा, उजेडात प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. व्होक्सेल ४ मिलिमीटर ठेवून रिमेश केलं आणि ती हंडी यंत्रात दाबून काढल्यासारखी गुळगुळीत झाली. मठारकामच गेलं, म्हणजे हंडी गेली. तेव्हापासून मी आधी वस्तूवरची सगळ्यात बारीक खूण मोजतो आणि मग मेशचा आकडा ठरवतो. खुणेच्या रुंदीत किमान दोन-तीन बिंदू पडले पाहिजेत, नाहीतर ती खूण मेशला दिसतच नाही.

तुमचं गणित मांडून बघितलं. नऊ इंची बैठ्या मूर्तीचं क्षेत्रफळ साधारण १,८०० चौरस सेंटीमीटर धरू. ३२ लाख त्रिकोण म्हणजे सुमारे १६ लाख बिंदू. दोन बिंदूंत साधारण एक तृतीयांश मिलिमीटर अंतर. कानामागची रेघ एक मिलिमीटर रुंद, तिच्यात तीन बिंदू बसतात. म्हणून ती स्कॅनमध्ये आहे. व्होक्सेल १ मिलिमीटर ठेवल्यावर ती जाणारच होती.

आता अंगठ्याचा ठसा. तुम्ही प्रश्नात विचारलं नाहीत, पण ज्या तऱ्हेने लिहिलंत त्यावरून तो तुम्हाला हवा आहे असं वाटलं. अंगठा दाबल्याचा खळगा स्कॅनमध्ये नक्की असेल. त्यातल्या रेषा नसतील. माणसाच्या बोटावरच्या रेषा एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, आणि तुमचे बिंदू त्यांच्या मानाने विरळ आहेत. झूम करून रेषा दिसत असतील तर त्या वर चढवलेल्या फोटोत दिसतात, आकारात नाहीत. मटेरियल काढून नुसत्या करड्या रंगात बघा. जे मुळात उतरलं नाही ते कुठल्याच प्रोजेक्शनने येणार नाही. त्यासाठी तेवढ्या अंगठ्याएवढ्या भागाचे जवळून पन्नासेक फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवून, उजेड एका कुशीवरून तिरका, आणि तो तुकडा वेगळा स्कॅन करा. मूर्ती अजून फळीवर आहे तोवर करा. शाडू ठिसूळ असतो.

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली. मान वळवायची आहे, मग पाटाची टोपोलॉजी कशाला बदलताय? मांड्या, पाऊल, पितांबराच्या चुण्या, पाट, यातलं काही हलणार नाही. जो भाग हलणार नाही त्याला नवी मेश घालूच नका, तो स्कॅन आहे तसा राहू द्या. प्रत्येक प्रोजेक्शनमध्ये थोडं का होईना झिजतंच. पोटावरच्या उदरबंधाच्या खालच्या कडेला मूर्ती आडवी कापा. वरच्या भागाला नवी टोपोलॉजी, खालचा भाग मूळ. वरच्या भागाची कड आत पाचेक मिलिमीटर उतरू द्या आणि शेवटी बूलियनने (दोन आकार एक करणाऱ्या साधनाने) जोडा. सांधा उदरबंधाच्या सावलीत जातो.

यात फायदाही आहे. क्षेत्रफळ निम्मं झालं की तेवढ्याच क्वाडमध्ये जाळी दाट होते. वरच्या भागाला ४,००० क्वाड दिले तर चौथ्या पातळीला १० लाख २४ हजार होतात, दोन बिंदूंत साधारण ०.३ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या स्कॅनइतकं. पाचवी पातळी ४१ लाखांच्या घरात जाते. नव्या मेशचे बिंदू जुन्यांवर नेमके बसत नसल्यामुळे एक पातळी जास्तीची लागते, पण त्यापुढे जाऊन काही मिळणार नाही.

शाडूची लेक

उशीर झाला. आठवडाभर रोज रात्री हेच करत होते.

आधी मटेरियल काढून बघितलं. मठार म्हणाले तसंच निघालं. खळगा आहे, रेषा नाहीत. वाईट वाटलं, कारण मी त्या रोज बघत होते आणि त्या तिथे आहेत अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत जाऊन पाटाच्या मागच्या बाजूचे ६० फोटो काढले, बाबांनी मूर्ती धरली. तो तुकडा वेगळा आला आहे आणि त्यात रेषा आहेत. अंगठ्याच्या डाव्या कडेला एक जुना कापल्याचा वण आडवा जातो, तोही आहे. पाट मूळ स्कॅनचाच ठेवला आणि तेवढा तुकडा त्यात बसवला.

सोंडेखाली पडदा होता. मी तो सोंडेची सावली समजत होते. कापला.

सोंड आणि मान हाताने केली. सोंडेला एकवीस कडी बसली, मोजून घातली नव्हती, नंतर मोजली. पीळ गेला. पातळीमागून पातळी चढवताना प्रत्येक वेळी थांबून बघणं, हे करायला वेळ लागला पण सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. दुसऱ्या पातळीवर उजव्या कानाच्या पाळीत एक काटा सापडला, तिथेच बसवला.

तरी सोंडेची खालची बाजू पोटाकडे ओढली जातच होती. तिथे फट फक्त ३ मिलिमीटरची आहे. लिमिट कमी केलं तर सोंडेवरच्या आडव्या वळ्या उतरत नाहीत, वाढवलं तर सोंड पोटाला जाते. व्हर्टेक्स ग्रुपने वगळलं तर तिथल्या वळ्या मला हाताने कोराव्या लागतील, आणि त्या बाबांच्या नसतील. रात्री लॅपटॉप बाबांच्या समोर ठेवून हे सांगत होते. श्रिंकरॅप, नॉर्मल असले शब्द न वापरता, की नवं कातडं जुन्यावर ओढतेय आणि सोंडेचं कातडं चुकून पोटावर जातंय. बाबा म्हणाले, "सोंडेचा तुकडा वेगळा काढ की. साच्यात काय करतो आपण?"

आमच्याकडे साचा तुकड्यांचा असतो. जिथे माती अडकून निघणार नाही तिथे तुकडा वेगळा, आणि सोंडेखालचा तुकडा नेहमीच वेगळा. मी लहानपणापासून तो तुकडा बघत आलेय.

म्हणून "मूळ" मेशचेच दोन तुकडे केले. एकात नुसती सोंड, दुसऱ्यात बाकी सगळं. नव्या मेशवर दोन व्हर्टेक्स ग्रुप आणि दोन श्रिंकरॅप. सोंडेच्या बिंदूंना फक्त सोंडेचं टार्गेट, पोटाच्या बिंदूंना फक्त पोटाचं. आता लिमिट कितीही द्या, सोंडेला पोट दिसतच नाही. खालच्या वळ्या जेवढ्या स्कॅनमध्ये आहेत तेवढ्या सगळ्या उतरल्या.

हे बरोबर आहे ना? पुढे काही बिघडणार असेल तर आत्ताच सांगा. आणि मान वळवायची ती कुठल्या पातळीवर?

क्वाडवाला वारजे

बरोबर आहे, आणि मी इतकी वर्षं लिमिटशी झटापट करत होतो तिथे हे सरळ आहे. बोटांसाठी मी आता हेच करणार, प्रत्येक बोट वेगळं टार्गेट. बाबांना माझा नमस्कार सांगा.

फक्त जिथे सोंड मुखाला मिळते तिथल्या कड्यात दोन्ही ग्रुपचं वजन हळूहळू बदलतं ठेवा, नाहीतर सीमेवर रेघ उमटेल.

मान वळवायला कुठलीच पातळी कोरू नका. आर्मेचर, म्हणजे मेश वाकवणारा हाडांचा सांगाडा, लावा आणि मॉडिफायरच्या यादीत ते मल्टिरेझच्या वर ठेवा. मल्टिरेझ तपशील साठवतं ते खालच्या मेशच्या पृष्ठभागाच्या संदर्भात, म्हणजे इथून इतकं बाहेर, इतकं आत, असं. खालची चार हजार क्वाडची मेश वळली की वरचं सगळं तिच्यासोबत जातं. मानेला दोन हाडं, सोंडेला पाच-सहा, आणि सोंडेच्या टोकाला मोदकाशी बांधून ठेवा.

कंठ्याचे मणी मात्र या मेशमध्ये नकोत. कातडं ताणलं तर चालतं, मणी ताणला की लगेच खोटा दिसतो. कंठा स्कॅनमधून वेगळा कापून घ्या, त्याखालचा गळा गुळगुळीत भरून घ्या आणि मान वळल्यावर मणी एकेक करून परत बसवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

शाडूची लेक

झालं.

मणी सत्तेचाळीस आहेत. दोन संध्याकाळी गेल्या.

आर्मेचर लावून मल्टिरेझ दुसऱ्या पातळीवर ठेवलं, म्हणजे लॅपटॉप अडकत नाही, आणि माउस बाबांच्या हातात दिला. त्यांना उजवं-डावं क्लिक जमत नव्हतं, म्हणून हाड निवडून मी देत होते आणि वळवत ते होते. पहिल्यांदा फारच वळवली, ऐकण्याऐवजी डुलकी लागल्यासारखी वाटायला लागली. परत आणली. मग थोडी. मग खुर्ची मागे घेऊन, पायरीवर बसून लांबून बघितलं, कारखान्यात बघतात तसं. परत येऊन म्हणाले, "अजून एक केसभर." आकडा बघितला तर एकूण सात अंश. सोंडेचं टोक मोदकावरच राहिलं.

मग पाचवी पातळी चालू केली. चित्र यायला वेळ लागला. बाबांनी आधी डावा कान मागून बघायला मागितला. तिन्ही रेघा होत्या, तिसरी टेकवून उचललेली तशीच. उजव्या बाजूला, जिथे मान दबली आहे, तिथे कातड्याची एक घडी जरा जास्त गोळा झाली होती. ती त्यांनी बोटाने स्क्रीनवर दाखवली आणि मी चौथ्या पातळीवर स्मूद करून कमी केली.

प्रिंटखोली, एक विचारायचं राहिलं. माझ्या माहितीतल्या प्रिंटरवर नऊ इंच उंची बसत नाही. दोन भाग करावे लागतील. मानेत कापू का?

प्रिंटखोली

मानेत नको. एवढी मेहनत करून वळवलेली जागा आहे, सांधा तिथे आला तर घासताना तीच झिजेल. मठारांनी सांगितलेल्या उदरबंधाच्या कडेलाच कापा, तिथे एक सांधा आहेच. आत दोन खुंट्या ठेवा, एक गोल आणि एक चौकोनी, म्हणजे वरचा भाग फिरवून चुकीचा बसणार नाही. खुंटी आणि खाच यांत ०.२ मिलिमीटर मोकळं सोडा.

पाटाची मागची बाजू सपोर्टला (प्रिंट होताना आधार देणाऱ्या काड्यांना) लावू नका. सपोर्ट तोडताना टिपके राहतात, ते अंगठ्याच्या ठशात आले तर घासून काढता येणार नाहीत. खालचा भाग पुढच्या बाजूला झुकवून प्रिंट करा, सपोर्ट मांडीखाली येतील.